युद्धाच्या काळात क्वेकर काय करतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गांधीजींच्या चरित्रात, फाळणीच्या इतिहासात, नोबेलच्या यादीत ‘क्वेकर’ हे नाव अधूनमधून येतं आणि तळटीपेतच राहून जातं. पंथ लहान आहे आणि स्वतःबद्दल फार बोलतही नाही. पण युद्ध पेटल्यावर आपल्याच देशातल्या लोकांचे शिव्याशाप खाऊन दोन्ही बाजूंना जाणारे आणि तिथे इतर धर्मीयांच्या बरोबरीने काम करणारे लोक म्हणून त्यांचा अनुभव साडेतीनशे वर्षांहून मोठा आहे. या विषयावर बोलताना जे प्रश्न हमखास येतात, ते आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

क्वेकर म्हणजे नेमके कोण?

सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये यादवी युद्धाच्या धामधुमीत जॉर्ज फॉक्स या तरुणाभोवती जमलेल्या लोकांचा हा ख्रिस्ती पंथ. अधिकृत नाव ‘रिलिजिअस सोसायटी ऑफ फ्रेंड्स’, म्हणून ते एकमेकांना ‘फ्रेंड’ म्हणतात. प्रत्येकाच्या ठायी ईश्वराचा अंश आहे, त्यामुळे मध्ये पुरोहिताची गरज नाही, ही त्यांची मूळ धारणा. ब्रिटनमधल्या त्यांच्या उपासनेत वेदी नसते, मूर्ती नसते, ठरलेली प्रार्थना नसते. सगळे तासभर शांत बसतात. आतून कुणाला बोलावंसं वाटलं तर तो उठून दोन वाक्यं बोलतो आणि पुन्हा बसतो.

जगात सुमारे चार लाख क्वेकर आहेत आणि सर्वांत जास्त केनियात. तिथल्या बहुतेक सभांमध्ये पाद्री असतात, प्रवचन होतं, दणदणीत गाणी होतात. क्वेकर म्हणजे गोरे, मवाळ, गप्प बसणारे इंग्रज, एवढंच चित्र मनात असेल तर ते अर्धवट आहे.

‘शांततेची साक्ष’ म्हणजे काय?

श्रद्धा तोंडाने सांगायची नाही, वागण्यातून दिसली पाहिजे, या अर्थाने ते ‘साक्ष’ म्हणतात. साधेपणाची साक्ष, समतेची साक्ष, तशीच शांततेची.

1651 मध्ये फॉक्स डर्बीच्या तुरुंगात होता. राजाविरुद्ध लढणाऱ्या पार्लमेंटचा सेनापती क्रॉमवेल, त्याच्या बाजूच्या सैन्यात कप्तान हो, सोडतो, असं फॉक्सला सांगण्यात आलं. त्याने नकार दिला आणि त्याची रवानगी आणखी वाईट कोठडीत झाली. पुढे जानेवारी 1661 मध्ये लंडनमध्ये एका कडव्या ख्रिस्ती गटाने राजाविरुद्ध सशस्त्र उठाव केला. क्वेकरांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, पण ओल्याबरोबर सुकंही जळतं तसे त्यांचे चार हजारांहून अधिक लोक तुरुंगात गेले. तेव्हा फॉक्स आणि इतरांनी राजाला निवेदन दिलं: कोणत्याही हेतूने, कोणत्याही सबबीखाली आम्ही शस्त्राने लढणार नाही, राज्यासाठी नाही आणि धर्मासाठीही नाही.

आता यात जीव वाचवण्याचा भाग होताच. ‘आम्ही निरुपद्रवी आहोत’ हे राजाला पटवणं गरजेचं होतं. फॉक्सच्या आधीच्या अनुयायांत क्रॉमवेलचे सैनिकही होते. म्हणजे ही साक्ष पहिल्या दिवसापासून तयार नव्हती, ती संकटात ठरली. मला यात कमीपणा वाटत नाही. बहुतेक तत्त्वं अशीच, कुणीतरी दारावर थाप मारल्यावर पक्की होतात.

मग सगळेच क्वेकर युद्धाला नकार देतात का?

नाही. हे क्वेकरच सगळ्यात आधी सांगतात.

पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधल्या लढाईच्या वयाच्या क्वेकर पुरुषांपैकी साधारण एक तृतीयांश सैन्यात गेले. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात लढायचं ठरवलेल्यांनी ‘फ्री क्वेकर्स’ नावाची वेगळी चूल मांडली. व्हिएतनामवर बॉम्ब टाकायला सांगणारा अमेरिकेचा अध्यक्ष रिचर्ड निक्सन जन्माने क्वेकर होता, आणि 1969 मध्ये त्याच्याच कारकिर्दीत क्वेकर कार्यकर्ते वॉशिंग्टनमध्ये कॅपिटल या संसदभवनाच्या पायऱ्यांवर मृत सैनिकांची नावं वाचत होते आणि त्यासाठी अटक करून घेत होते.

पंथ कुणावर सक्ती करत नाही. हा त्यांचा दुबळेपणा आहे असं अनेकांना वाटतं. पण सक्तीने शांततावादी केलेला माणूस नेमकी कसली साक्ष देणार, हाही प्रश्न आहेच.

पहिल्या महायुद्धात नकार देणाऱ्यांचं काय झालं?

1916 मध्ये ब्रिटनने सैन्यभरती सक्तीची केली. आर्नल्ड राउंट्री आणि एडमंड हार्वे या दोन क्वेकर खासदारांच्या खटपटीमुळे कायद्यात विवेकाच्या कारणाने सूट मागण्याचं कलम आलं. सोळा हजारांहून अधिक लोकांनी तशी सूट मागितली. स्थानिक न्यायाधिकरणांसमोर त्यांना विचारला जाणारा ठरलेला प्रश्न असे: जर्मन सैनिक तुझ्या बहिणीवर हात टाकायला आला तर काय करशील? काहींना पर्यायी काम मिळालं, काहींना तुरुंग. आणि काहींना जबरदस्तीने लष्करी गणवेशात फ्रान्सला नेलं गेलं, कारण युद्धभूमीवर हुकूम मोडण्याची शिक्षा मृत्यू होती.

जून 1916. फ्रान्समधलं बुलोन. शेकडो सैनिक कवायतीच्या मैदानावर रांगेत उभे केलेले. हॉवर्ड मार्टन या क्वेकर तरुणाला सगळ्यांत आधी पुढे बोलावलं. अधिकाऱ्याने निकाल वाचला: गोळ्या घालून मृत्युदंड. मग थांबला. पुढे वाचलं: सरसेनापती सर डग्लस हेग यांनी शिक्षा कायम केली आहे. पुन्हा थांबला, या वेळी जास्त. आणि मग: शिक्षा कमी करून दहा वर्षं सक्तमजुरी. अशा एकूण 35 जणांना मृत्युदंड सुनावून तो सक्तमजुरीत बदलण्यात आला. मधल्या त्या विरामांत काय वाटलं असेल याचा अंदाज ज्याचा त्याने करावा. हुकूम वाचणाऱ्याने विराम मुद्दाम घेतले होते, एवढं मात्र उघड आहे.

यात ‘सर्वधर्मीय’ काय आहे? हा तर एकाच पंथाचा विषय झाला.

त्या 35 जणांकडे नीट पाहा. सगळे क्वेकर नव्हते. रिचमंडच्या किल्ल्यातून फ्रान्सला नेलेल्या 16 जणांत क्वेकर होते, मेथडिस्ट होते, पुढे ‘यहोवाज विटनेसेस’ म्हणून ओळखल्या गेलेल्या बायबल स्टुडंट्स गटातले होते आणि देवाधर्माशी फारसं देणंघेणं नसलेले समाजवादीही होते. किल्ल्यातल्या कोठड्यांच्या भिंतींवर कैद्यांनी पेन्सिलीने लिहिलेली वचनं, स्तोत्रं आणि समाजवादी घोषणा आजही शेजारी शेजारी आहेत. चर्चा-परिषदा घेऊन जे एकत्र आले नसते, त्यांना सरकारने एका कोठडीत घालून एकत्र आणलं.

संघटित प्रयत्नही त्याच सुमारास सुरू झाला. ऑगस्ट 1914 च्या पहिल्या दिवसांत जर्मनीतली चर्चमधल्या शांततावाद्यांची परिषद युद्धामुळे अर्धवट सोडावी लागली. ब्रिटिश क्वेकर हेन्री हॉजकिन आणि जर्मन लुथरन पाद्री फ्रीड्रिश झीगमुंड-शुल्ट्झे कोलोन रेल्वे स्टेशनवर निरोप घेताना म्हणाले, आपले देश लढतील, आपण नाही. डिसेंबरमध्ये केंब्रिजला ‘फेलोशिप ऑफ रिकन्सिलिएशन’ ही संस्था सुरू झाली. आधी ती फक्त ख्रिस्ती होती. पुढे तिच्यात ज्यू, बौद्ध, मुस्लिम आणि कुठलाच धर्म न मानणारेही आले.

पण खरं कारण मला वेगळं वाटतं. सर्वधर्मीय कार्यक्रमांची नेहमीची अडचण ही की प्रार्थना कुणाची म्हणायची. एकाची म्हटली तर दुसरा अवघडतो, सगळ्यांची म्हटली तर ते स्नेहसंमेलन होतं. क्वेकरांकडे म्हणायलाच काही नाही. त्यांच्या मौनात मुसलमान त्याचा जप करत बसू शकतो, बौद्ध आपला श्वास पाहत बसू शकतो, नास्तिक नुसता बसू शकतो. कुणालाच कुणाचे शब्द उसने घ्यावे लागत नाहीत. युद्धात जिथे प्रत्येक बाजू देवाला आपल्या बाजूने ओढत असते, तिथे ही रिकामी जागा फार कामाची ठरते.

नुसतं मौन बसून युद्ध थांबतं का?

थांबत नाही. तसा दावाही कुणी करत नाही.

मग ते प्रत्यक्षात करतात काय?

जखमी उचलतात, अन्न वाटतात, निर्वासितांची नोंद ठेवतात, सरकारांना पत्रं लिहितात आणि दोन्ही बाजूंच्या लोकांना भेटत राहतात. 1914 मध्ये तरुण क्वेकरांनी ‘फ्रेंड्स ॲम्ब्युलन्स युनिट’ काढलं. बंदूक नाही, पण आघाडीवर जाणार. दुसऱ्या महायुद्धात ते पुन्हा उभं राहिलं आणि त्यात सुमारे 1,300 जण होते. यातही सगळे क्वेकर नव्हते.

यावर पंथात कडाक्याचं भांडण झालं, आणि ते महत्त्वाचं आहे. बरा केलेला सैनिक पुन्हा आघाडीवर जातो, मग आम्ही युद्धच चालवतो आहोत ना? कॉर्डर कॅचपूल हा तरुण फ्रान्समध्ये जखमींची सेवा करत होता. सक्तीची भरती आल्यावर त्याने ते काम सोडलं, मायदेशी येऊन नकार दिला आणि तुरुंगात गेला. त्याचे सहकारी तिकडे जखमी उचलत राहिले. दोघांनीही एकच साक्ष दिली असं क्वेकर मानतात. बाहेरच्याला हे तळ्यात-मळ्यात वाटू शकतं.

युद्ध संपल्यावर, 1920 पासून, अमेरिकन क्वेकरांनी हरलेल्या जर्मनीत मुलांना जेवण द्यायला सुरुवात केली. एका टप्प्यावर रोज सुमारे दहा लाख मुलं त्या पंगतींना बसत होती. कालपर्यंत ज्यांना राक्षस म्हटलं त्यांची पोरं.

हिटलरसमोर अहिंसा काय कामाची?

हा प्रश्न चुकवता येत नाही आणि त्याचं समाधानकारक उत्तर कुणी दिलेलं मला माहीत नाही. काय घडलं ते सांगतो.

नोव्हेंबर 1938 मध्ये जर्मनीत ज्यूंची प्रार्थनास्थळं आणि दुकानं जाळली गेली. डिसेंबरमध्ये तीन अमेरिकन क्वेकर बर्लिनमध्ये थेट गेस्टापोच्या, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांच्या, मुख्यालयात गेले. त्यांत रुफस जोन्स होते, वय 75. ज्यूंना मदत करू द्या, देशाबाहेर जाऊ द्या, अशी मागणी त्यांनी लेखी दिली. आम्ही तुमच्या मुलांना जेवू घातलं होतं, याचीही आठवण दिली. अधिकारी तो कागद घेऊन वरिष्ठांकडे गेले. तिघे त्या खोलीत मान खाली घालून आपल्या पद्धतीप्रमाणे मौन बसले. अर्ध्या तासाच्या आत अधिकारी परतले आणि म्हणाले, तुमची मागणी मंजूर. खोलीत बोलणं ऐकण्याची यंत्रणा असणार, हे नंतर जोन्सना कळलं. ऐकणाऱ्यांच्या कानी त्या वेळी काहीच पडलं नसेल.

हा प्रसंग क्वेकर मंडळींत आवडीने सांगितला जातो. पण मंजुरीतून प्रत्यक्षात फार थोडं हाती आलं, हेही सांगायला हवं. नाझी राजवट त्या खोलीत विरघळली नाही.

त्याच हिवाळ्यात झालेलं दुसरं काम कमी नाट्यमय, पण जास्त मोलाचं होतं. जर्मनीतल्या ज्यू पुढाऱ्यांना ब्रिटनमध्ये मुलं पाठवायची होती. ब्रिटिश ज्यूंना जर्मनीत जाणं धोक्याचं होतं, म्हणून त्यांच्या विनंतीवरून क्वेकर गेले, परिस्थिती पाहून आले, आणि 21 नोव्हेंबर 1938 रोजी ज्यू व क्वेकर प्रतिनिधी मिळून ब्रिटिश गृहमंत्र्यांना भेटले. त्या परवानगीवर युद्ध सुरू होईपर्यंत सुमारे दहा हजार मुलं ब्रिटनला पोहोचली. बर्था ब्रेसी या क्वेकर बाईंनी यासाठी जिवाचं रान केलं. यात कुणी कुणाला आपल्या धर्माबद्दल समजावून सांगत बसलं नाही. तुम्ही जाऊ शकत नाही तिथे आम्ही जातो, एवढाच व्यवहार.

मुलांचे आईवडील मात्र मागेच राहिले. त्यांच्यातले बहुतेक मारले गेले.

दोन्ही बाजूंना मदत म्हणजे शत्रूला मदत नाही का?

सरकारांना तसंच वाटतं. स्पेनच्या यादवीत क्वेकरांनी दोन्हीकडच्या मुलांना अन्न दिलं, तेव्हा दोन्हीकडून टीका झाली. 1967 मध्ये अमेरिकन क्वेकरांच्या एका गटाने ‘फिनिक्स’ नावाच्या शिडाच्या छोट्या जहाजातून औषधं उत्तर व्हिएतनामच्या हायफाँग बंदरात नेली. त्यांच्या सरकारने परवाना नाकारला होता, तरी गेले. मग तेच जहाज औषधं घेऊन दक्षिण व्हिएतनाममधल्या बौद्धांकडे निघालं, तेव्हा तिथल्या सरकारने ते बंदरातून परत लावलं. म्हणजे साम्यवाद्यांनी घेतलं आणि मित्रराष्ट्राने हाकललं.

गाझाचं उदाहरण याहून बोलकं आहे. 1948 च्या युद्धानंतर संयुक्त राष्ट्रांच्या विनंतीवरून अमेरिकन क्वेकरांनी गाझातल्या सुमारे दोन लाख निर्वासितांच्या मदतीचं काम हातात घेतलं. अन्न, तंबू, शाळा, दवाखाने. एप्रिल 1950 अखेर त्यांनी ते संयुक्त राष्ट्रांच्या नव्या संस्थेकडे सोपवलं. राजकीय तोडगा निघत नसताना फक्त शिधा वाटत राहिलो तर आपणही या अवस्थेचा भाग होऊ, ही त्यांची अस्वस्थता होती. ती खोटी ठरली नाही. रामल्लामध्ये 1869 पासून त्यांची शाळा आहे आणि तिथे ख्रिस्ती व मुस्लिम मुलं एकत्र शिकत आली आहेत.

भारताशी त्यांचा काय संबंध?

बराच जवळचा. 1931 मध्ये गोलमेज परिषदेच्या वेळी गांधीजी बर्मिंगहॅमजवळच्या वुडब्रुक या क्वेकर संस्थेत जाऊन आले. तिथे शिकवणारे होरेस अलेक्झांडर आणि लंडनमध्ये काम करणाऱ्या अगाथा हॅरिसन यांनी ‘इंडिया कॉन्सिलिएशन ग्रुप’मार्फत पुढची सोळा-सतरा वर्षं ब्रिटिश मंत्री आणि भारतीय नेते यांच्यात न दमता ये-जा केली.

1942 मध्ये ॲम्ब्युलन्स युनिटची तुकडी होरेस अलेक्झांडर आणि रिचर्ड सिमंड्स यांच्याबरोबर भारतात आली ती जपानी हवाई हल्ल्यांत मदत करायला. प्रत्यक्षात समोर आलं मिदनापूरचं वादळ आणि लगोलग 1943 चा बंगालचा दुष्काळ.

15 ऑगस्ट 1947 ला दिल्लीत रोषणाई होती. त्या दिवशी गांधीजी कलकत्त्यात बेलियाघाटच्या हैदरी मंझिल या पडक्या घरात होते. बरोबर बंगालचे मावळते मुख्यमंत्री सुऱ्हावर्दी, ज्यांच्यावर वर्षभरापूर्वीच्या कत्तलीचा ठपका हिंदू ठेवत होते. आणि त्याच घरात होरेस अलेक्झांडर. एक हिंदू, एक मुसलमान, एक क्वेकर, उपास आणि प्रार्थना. बाहेर कधी दगड घेऊन तर कधी हार घेऊन येणारी गर्दी. पुढच्या महिन्यांत अलेक्झांडर आणि सिमंड्स यांनी भारत आणि पाकिस्तान अशा दोन्ही सरकारांच्या संमतीने पंजाबात निर्वासितांच्या छावण्या पाहिल्या. सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना विश्वासाने आत घेतली जाणारी माणसं त्या वेळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. सिमंड्सना या धावपळीत विषमज्वर झाला. गांधीजींनी त्यांना बिर्ला हाऊसमध्ये आणवून घेतलं आणि शुश्रूषेकडे स्वतः लक्ष दिलं.

जाता जाता: हेच होरेस अलेक्झांडर पक्षिनिरीक्षणात इतके मुरलेले होते की दिल्लीतल्या पक्षिनिरीक्षकांची संस्था सुरू करणाऱ्यांत त्यांचं नाव येतं. दंगलग्रस्त भागातही दुर्बीण सोबत असायची की नाही ते मला सापडलेलं नाही, पण असावी अशी इच्छा आहे.

सेवाग्रामच्या मार्जरी साइक्स क्वेकरच होत्या का?

हो. यॉर्कशायरमध्ये जन्म, 1928 मध्ये मद्रासला शिक्षिका, मग शांतिनिकेतन, मग सेवाग्रामला नई तालीम, म्हणजे गांधीजींची शिक्षणपद्धती. क्वेकर झाल्या त्या भारतात आल्यानंतर. 1964 मध्ये त्या नागालँडला गेल्या, आणि हा प्रसंग आपल्याकडे जवळजवळ विसरला गेला आहे.

नागा बंडखोर आणि भारतीय सैन्य यांच्यातल्या लढाईला तेव्हा आठेक वर्षं झाली होती. पुढाकार घेतला तो नागा बाप्टिस्ट चर्चने. त्यांनी शांतता मंडळासाठी तीन नावं सुचवली: सर्वोदयी जयप्रकाश नारायण, आसामचे मुख्यमंत्री बिमलाप्रसाद चलिहा आणि अँग्लिकन पाद्री मायकेल स्कॉट. 6 सप्टेंबर 1964 ला शस्त्रसंधी लागू झाली. ती पाळली जाते की नाही हे पाहायला निरीक्षक हवे होते, त्यांत साठीच्या उंबरठ्यावरच्या मार्जरीताई होत्या. डोंगरातल्या गावागावांत जायचं, तक्रार आली की दोन्हीकडचं ऐकायचं, अफवा आणि घटना वेगळ्या करायच्या. 1967 पर्यंत त्यांनी हे केलं.

मंडळ पुढे मोडलं. स्कॉट यांना भारत सरकारने 1966 मध्ये देशाबाहेर काढलं. वाटाघाटी फिसकटल्या. तरीही शस्त्रसंधीच्या त्या काळात लोकांना शेतात जाता आलं, चर्चला जाता आलं, रात्री झोप लागली. याला यश म्हणायचं की अपयश हे दिल्लीतून विचारता की गावातून, यावर ठरतं.

गुप्त मध्यस्थीही करतात म्हणे?

करतात, आणि तिचा गाजावाजा करत नाहीत. 1965 च्या युद्धानंतर क्वेकरांचं एक लहान पथक भारत आणि पाकिस्तान दोन्हीकडे नेत्यांना भेटून आलं. 1967 ते 1970 च्या नायजेरियातल्या यादवीत, म्हणजे नायजेरियातून फुटून निघालेल्या बियाफ्राच्या युद्धात, ॲडम कर्ल आणि त्यांचे सहकारी लागोसमधले लष्करशहा गोवोन आणि बियाफ्राचे ओजुक्वू या दोघांकडे ये-जा करत होते. निरोप न्यायचा, समोरच्याला काय भीती वाटते ते सांगायचं, स्वतःची योजना पुढे करायची नाही. युद्ध वाटाघाटींनी संपलं नाही, बियाफ्रा हरला. मात्र ज्या सूडाची सगळ्यांना धास्ती होती तो झाला नाही. त्यात या ये-जा करण्याचा वाटा किती, हे मोजायचं कसं? कर्ल पुढे 1973 मध्ये ब्रॅडफर्ड विद्यापीठात शांतता अभ्यासाचे पहिले प्राध्यापक झाले.

जिनीव्हा आणि न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आसपास त्यांची कार्यालयं आहेत. तिथे एकमेकांशी उघडपणे न बोलणारे मुत्सद्दी जेवायला बोलावले जातात आणि जेवताना झालेलं बोलणं बाहेर जात नाही. युद्धाला विवेकाने नकार देणं हा हक्क म्हणून 1987 मध्ये मानवी हक्क आयोगाच्या ठरावात आला. त्यामागे जिनीव्हाच्या कार्यालयाचा अनेक वर्षांचा चिवटपणा होता. बालसैनिकांच्या प्रश्नातही तेच.

मदतीच्या आडून धर्मप्रसार होत नाही ना?

आपल्याकडे हा प्रश्न येणारच, आणि तो रास्त आहे. युद्धातल्या मदतकार्यात धर्मप्रसार करायचा नाही हा त्यांचा काटेकोर दंडक आहे. पण पंथाचा मिशनरी इतिहास आहेच: होशंगाबादेत एकोणिसाव्या शतकापासून त्यांचं मिशन होतं आणि केनियातले क्वेकर 1902 मध्ये तिथे गेलेल्या मिशनचं फळ आहेत. लंडनची मदतसंस्थाच 1927 मध्ये मिशन आणि सेवाकार्य या दोन मंडळांच्या विलीनीकरणातून झाली. पुढे भारतातल्या त्यांच्या कामावरचा मिशनचा रंग उतरत गेला. होरेस अलेक्झांडर किंवा मार्जरी साइक्स यांनी कुणाला बाटवल्याचं कुणी म्हटलेलं नाही. उलट आपणच गांधींकडून शिकलो, असं ते सांगत राहिले.

2005 मध्ये बगदादमध्ये काय झालं होतं?

‘ख्रिश्चन पीसमेकर टीम्स’ या संस्थेचे चार जण इराकमध्ये होते. अबू घरेबच्या तुरुंगात अमेरिकन सैनिकांनी केलेले अत्याचार जगाला कळण्याआधीच ही संस्था इराकी कैद्यांच्या घरच्यांच्या तक्रारी गोळा करत होती. 26 नोव्हेंबरला चौघांचं अपहरण झालं: अमेरिकन क्वेकर टॉम फॉक्स, ब्रिटिश बाप्टिस्ट नॉर्मन केंबर, कॅनडाचा कॅथलिक जेम्स लोनी आणि शीख कुटुंबात वाढलेला हरमीत सिंग सूदन.

मग उलटी साक्ष सुरू झाली. ब्रिटनमधले मुस्लिम नेते अनस अल-तिक्रिती सुटकेची विनवणी करायला स्वतः बगदादला गेले. पॅलेस्टिनी मुसलमानांनी आवाहनं केली, कारण हीच संस्था हेब्रॉनमध्ये त्यांच्या पोरांना शाळेत पोहोचवायला सोबत जात असे. ब्रिटनच्या तुरुंगात असलेल्या अबू कतादा या जहाल धर्मगुरूनेसुद्धा त्यांना सोडा म्हटलं.

टॉम फॉक्स मार्च 2006 मध्ये मारला गेला. दोन आठवड्यांनी उरलेल्या तिघांना सैनिकांनी सोडवलं. शांततावाद्यांना बंदूकधाऱ्यांनी वाचवलं, यावर ब्रिटिश वर्तमानपत्रांनी यथेच्छ तोंडसुख घेतलं, केंबर यांनी सैनिकांचे आभार पुरेसे मानले नाहीत म्हणूनही. टीकेत तथ्य नव्हतं असं नाही. डिसेंबर 2006 मध्ये तिघांनी लंडनमध्ये जाहीर केलं की आम्ही अपहरणकर्त्यांना बिनशर्त माफ केलं आहे, आम्हाला त्यांची शिक्षा नको. फाशीचा धोका असलेल्या खटल्यात साक्ष द्यायलाही ते राजी नव्हते.

नोबेल कधी मिळालं?

1947 मध्ये, लंडनच्या आणि फिलाडेल्फियाच्या क्वेकर सेवासंस्थांना मिळून. अमेरिकेतर्फे गेलेल्या हेन्री कॅडबरी यांच्याकडे समारंभाला लागणारा शेपटीचा कोट नव्हता. संस्थेच्या गोदामात बुडापेस्टच्या वाद्यवृंदातल्या गरजू वादकांसाठी गोळा केलेले तसे कोट पडले होते. त्यातला एक घालून ते ऑस्लोला गेले.

युद्धासाठी जाणारा कर ते भरतात का?

बहुतेक भरतात. काहींनी वेळोवेळी नकार दिला आहे, अगदी 1755 मध्ये पेन्सिल्व्हेनियात जॉन वूलमन आणि त्याच्या सोबत्यांपासून. सरकार तो दंडासह वसूल करतं.

आमच्या गावात सर्वधर्मीय मौन निदर्शन करायचं आहे. क्वेकरांच्या अनुभवातून काय घ्यावं?

जागा आणि वेळ ठरवा आणि ती बदलू नका. दर आठवड्याला तोच वार, तीच जागा, एक तास. पहिल्या दिवशी पन्नास जण येतील, चौथ्या आठवड्यात सात. त्या सातांना धरूनच बेत आखा. फलक एक-दोनच, मजकूर वाचायला सोपा आणि कुठल्याही एका देशाला किंवा धर्माला शिवी नसलेला. मृतांची नावं वाचणार असाल तर दोन्ही बाजूंची वाचा. यावर तुमच्याच गटात वाद होईल. तो मैदानात होण्यापेक्षा आधीच्या बैठकीत होऊ द्या.

सगळ्या धर्मांच्या प्रार्थना एकापाठोपाठ म्हणायचा मोह होईल. तो टाळा, कारण मग क्रम, वेळ आणि ध्वनिक्षेपक यांवरच सगळी शक्ती जाते. रस्त्यावरून जाणारा कुणी शिवीगाळ करणारच, त्याला उत्तर द्यायचं नाही हे सर्वांना आधी सांगा. पोलीस आणि पत्रकारांशी बोलायला एकच जण नेमा आणि त्याने रांगेबाहेर उभं राहावं. म्हाताऱ्या माणसांसाठी दोन खुर्च्या ठेवा.